गांगुर्डे मिस्त्रींचा पोलादी हात

गांगुर्डे मिस्त्रींनी आमच्या हॉस्पिटलात पंधरा-सोळा वर्षांत एकदाच चहा घेतला. एरवी कितीही आग्रह केला तरी उत्तर ठरलेलं, "नको मॅडम, फिनिशिंग बाकी हाय." कारखान्यातल्या टूलरूममधली, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायच्या खोलीतली, त्यांची ही जुनी शिस्त होती. शेवटचा बारीक कट घ्यायचा असला की काम हातावेगळं होईपर्यंत चहाला शिवायचं नाही, कारण चहाने हात हलतो. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मीही त्याच कारणाने चहा टाळायचे. पण माझी यादी दुपारी दोनला संपायची आणि मी कप हातात घेऊन मोकळी व्हायचे. मिस्त्रींचं फिनिशिंग मात्र वर्षानुवर्षं बाकीच राहिलं. आमच्या कुसुम सिस्टर म्हणायच्या, "ह्यांना चहा पाजायचा म्हणजे आधी जगातली सगळी मशीनं नीट करायला हवीत."

मिस्त्रींना आणलं कुसुम सिस्टरांनीच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया करणारी मी एकटी होते. मी नाही म्हटलं की पेशंटला मुंबई गाठावी लागे, आणि वणी-हरसूलकडचे निम्मे लोक मुंबईला जातच नसत. आपल्या गावी जाऊन जे दिसतंय तेवढ्यावर भागवत. त्या काळात मला वाटायला लागलं की आमचा मायक्रोस्कोप हलतोय. पडद्यावरची पातळ झिल्ली सोलताना, जी कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी नाजूक असते, चिमट्याचं टोक थरथरताना दिसायचं. कंपनीचा इंजिनिअर येऊन सांगून गेला की यंत्र ठणठणीत आहे. मी त्याच्या नावाने बोटं मोडली. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आमच्या सातपूरच्या कॉलनीत एक मिस्त्री आहेत. मोठ्या कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झालेत, अंबडला स्वतःचा गाळा आहे. बोलवू का?"

मिस्त्री लुनावरून आले. पांढरा पायजमा, खाकी शर्ट, शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी आणि काखेत एक मखमली अस्तराची डबी. मला वाटलं, दागिन्याची असावी. डबीत डायल गेज होता. घड्याळासारखी तबकडी आणि खाली एक बारीक दांडी. ती दांडी केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी सरकली तरी वरचा काटा सांगतो. मिस्त्रींनी पायताण दाराबाहेर काढलं, पाय धुतले आणि मायक्रोस्कोपपुढे उभे राहून त्याला हात न लावता दहा मिनिटं नुसतं बघत राहिले.

"काय बघताय?" मी विचारलं.

"मशीनला काय इचारायचं न्हाय मॅडम. मशीन खोटं बोलतं. जॉबला इचारायचं."

जॉब म्हणजे ज्याच्यावर काम चाललंय तो तुकडा. हे त्यांचं आवडतं वाक्य पुढे मी शंभरदा ऐकलं. पट्टी वाकडी कापली गेली तर कातरी बघू नका, पट्टी बघा. ती सांगेल कुठे दुखतंय. घोटीला त्यांचे वडील भाताच्या गिरणीत होते. पडलेल्या तांदळाचा तुकडा हातात घेऊन ते सांगायचे की आतला कुठला रूळ घासलाय. मिस्त्रींचं शिक्षण तिथलं.

त्या दुपारी त्यांनी मायक्रोस्कोपच्या दांड्याला गेज लावला. काटा ढिम्म. पायाच्या पेडलला लावला. ढिम्म. मग मला म्हणाले, रस्त्यावरून ट्रक जाऊ द्या. ट्रक गेला, फरशीला गेज लावून बघितला, तिथेही काही नाही. सिस्टर उपकरणं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह बघायला बाहेर गेल्या. मिस्त्रींनी गेज हातात धरला, माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत हळूच म्हणाले, "मॅडम, सगळं मोजलं. एक हात राहिलाय."

मी चिमटा धरला. त्यांनी त्याच्या टोकाला गेजची दांडी टेकवली. काटा पिसाटल्यासारखा इकडून तिकडे जायला लागला. मला आठवले माझे वडील. शेवटची दहा वर्षं बशीत सांडलेला चहा आधी पिऊन मग कप उचलणारे. आमच्या घराण्याचा हात होता तो, माझ्याकडे जरा लवकर आला इतकंच. आणि मी वर्षभर बिचाऱ्या मायक्रोस्कोपला शिव्या घालत होते.

"एकशेवीस मायक्रॉन," मिस्त्री म्हणाले, म्हणजे केसाच्या जाडीहूनही जास्त, आणि लगेच डबी बंद केली. "कोणाला सांगायची गरज न्हाय. टूलरूममधी पन्नाशीनंतर समद्यांचा हात जातो. मग आम्ही फिक्श्चर करतो. तुम्हालापण करू."

हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं, जणू एखाद्या कपाटाचं बिजागर बदलायचंय. मी त्या दिवशी घरी जाऊन रडले होते, आणि रडताना हसलेही होते, कारण माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या संकटावर या माणसाकडे एक शब्द तयार होता.

फिक्श्चर म्हणजे त्यांच्या डोक्यात एक अख्खा पोलादी हात होता. ऑपरेशनच्या टेबलाला बोल्टने आवळलेला, तीन सांध्यांचा, प्रत्येक सांध्याला एक बारकी मोटर. मी बाजूला बसून एक बटण पूर्ण एक वेढा फिरवायचं आणि आत चिमट्याचं टोक केसाच्या जाडीपेक्षा कमी सरकायचं. माझा हात कितीही थरथरो, टोक थरथरणार नाही. आज याला रोबोट म्हणतात. मिस्त्री त्याला नुसतं 'हात' म्हणायचे आणि मिस्त्रींच्या बायको, ताराबाई, 'सवत'.

मोटरी त्यांनी लिंक रोडच्या भंगार बाजारातून आणल्या, जुन्या प्रिंटरमधून काढलेल्या. पॉलिटेक्निकच्या एका सरांनी सर्किट करून दिलं. टोक सरकवणारा स्क्रू मात्र विकतचा चालेना. तो स्वतः कापला, घासला, पुन्हा कापला. एक स्क्रू करायला अडीच महिने लागले. मी विचारलं, "झाला का?" तर म्हणाले, "झालाय. पण एका दिशेने. उलट फिरवला की थोडा झोपतो, फिरतो पण टोक हलत न्हाय." दुसरा केला.

सरावाला बकऱ्याचे डोळे लागायचे. मी स्वतः शिकताना त्याच डोळ्यांवर शिकले होते. मिस्त्री दर रविवारी खाटकाकडून बर्फाच्या डब्यात डोळे घेऊन गाळ्यावर जायचे. एकदा डबा चुकून घरी राहिला. ताराबाईंनी जेवणाचा समजून उघडला आणि पुढे महिनाभर मिस्त्रींना डबा मिळाला नाही. "लय बेकार," ते मला सांगत होते, "गाळ्यावर वडापाव खाऊन दिवस काढले. पण सवतीचा हात आता पाच मायक्रॉनवर आलाय." हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. स्तुती ऐकली की, किंवा स्वतःची करून बसले की, त्यांचे कान लाल व्हायचे.

दोन वर्षांनी हात आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन उभा राहिला. निळसर चमकणारा, तेलाचा वास असलेला. बकऱ्याच्या डोळ्यातल्या पडद्यावरून मी त्या हाताने एक पापुद्रा सोलला आणि तो अख्खा निघाला. दोन वर्षांत मी पडद्याची कामं जवळजवळ बंद केली होती. सोपे मोतीबिंदू करत होते आणि बाकीच्यांना मुंबईच्या चिठ्ठ्या लिहून देत होते. त्यातले किती गेले आणि किती घरी बसले, हे मी कधी विचारलं नाही.

आमच्या अध्यक्षांना ही बातमी कळल्यावर त्यांच्या अंगात आलं. ते द्राक्षाचे मोठे व्यापारी, माणूस दिलदार, पण गाजावाजा फार. येत्या मंगळवारी पेशंटवर पहिली शस्त्रक्रिया, फोटोग्राफर, पुढाऱ्याच्या हस्ते नारळ. पत्रिका छापूनही झाल्या. मी हो म्हटलं. मला पडद्याच्या कामाकडे परत येण्याची घाई होती, हे कबूल करायला हवं.

शनिवारी मिस्त्री म्हणाले, "मॅडम, एक डाव जिता माणूस बघू द्या. मी आजपर्यंत फक्त बकरं बघितलंय." मला नवल वाटलं की दोन वर्षांत हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांना हिरवा गाऊन, टोपी, मास्क दिला. गाऊन त्यांना गुडघ्यापर्यंत आला आणि खाली पायजमा, तेव्हा सिस्टर मास्कच्या आत किती हसत होत्या ते त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

टेबलावर हरसूलकडचे सोमा बाबा होते. मोतीबिंदूचं साधं काम. भूल फक्त डोळ्याला, माणूस जागा. मी नेहमीप्रमाणे मनगट त्यांच्या कपाळावर टेकवलं आणि काम सुरू केलं. अर्ध्यावर आले तोच बाबांना खोकला आला. बिडीचा, छातीच्या तळापासून आलेला. डोकं उशीवरून बोटभर वर उचललं गेलं. माझा हात कपाळावर होता, तो कपाळाबरोबर वर गेला आणि कपाळाबरोबर खाली आला. मी थांबले. खोकला ओसरला. हिरव्या कापडाखालून घाबरलेला आवाज आला, "खोकला आला बाय. डोला गेला काय?"

"नाही बाबा, जागेवर आहे. पुन्हा येणार असेल तर आधी सांगा."

असं महिन्यातून चारदा होतं. मी पुढे काम संपवलं. मागे वळून बघितलं तर मिस्त्री भिंतीला पाठ लावून उभे होते आणि मास्कवरचे त्यांचे डोळे पार विझलेले होते.

हात धुवायच्या खोलीत ते स्टुलावर बसले. गेजची डबी उघडझाप करत होते.

"मॅडम, माझा हात टेबलाला बोल्ट केलाय."

"हो."

"बाबांचं डोकं वर आलं. माझा हात तिथंच राहिला असता. पोलादाचा. एक मायक्रॉन हलला नसता." त्यांनी बोटाने हवेत सुई दाखवली आणि ती दुसऱ्या हाताच्या तळव्यात खुपसली. "आरपार. बाबांचा डोळा गेला असता."

मी नळ बंद केला.

"टूलरूममधी जॉब वाइसच्या जबड्यात आवळायचा, मग हत्यार चालवायचं. चाळीस वर्षं तेच केलं. बकऱ्याचा डोळापण वाइसमधीच आवळला. पण ह्यो जॉब श्वास घेतो. खोकतो. बोलतो." मग त्यांचा आवाज खाली गेला. "जगाला सांगत फिरलो जॉबला इचारा, आन् मीच इचारलं न्हाय."

मी चिडले. अध्यक्षांवर चिडले असं सांगायला आवडलं असतं, पण मी मिस्त्रींवरच चिडले. म्हटलं, खोकणारा पेशंट घेऊ नका, तरुण घेऊ, झोपेचं औषध देऊ, मंगळवार पार पाडू. मिस्त्री ऐकून घेत होते. मग उठले, थिएटरमध्ये गेले आणि हाताच्या मधल्या सांध्यातून एक पिन काढून खिशात टाकली. ती पिन त्यांनी स्वतः घासून बनवली होती, बाजारात मिळणारी नव्हती.

तिथून ते थेट अध्यक्षांच्या कचेरीत गेले. मागोमाग मीही गेले. अध्यक्षांनी बसा म्हटलं, चहा मागवला. मिस्त्री बसले नाहीत, चहाही नको म्हणाले.

"साहेब, मशीन चुकलंय."

"अहो मिस्त्री, पत्रिका गेल्यात! कुठलं मशीन शंभर टक्के बरोबर असतं?"

"माझं असतं," मिस्त्री म्हणाले. "ह्या खेपेला न्हाय, म्हणून सांगायला आलो." आणि ती पिन खिशातून काढून टेबलावर दाखवली, पुन्हा खिशात ठेवली. "ह्याच्याबिगर तो चालत न्हाय. आन् ही मी द्यायचो न्हाय."

दोन वर्षं राबलेला, पदरचं घातलेला, कॉलनीत सगळ्यांना मंगळवारची पत्रिका वाटलेला माणूस असं बोलत होता. कान मात्र लाल नव्हते. मोठमोठे सर्जन मी पाहिलेत. स्वतःची चूक अशी चारचौघांत, सरळ वाक्यात सांगणारे फार थोडे पाहिले. त्या संध्याकाळी माझा राग उतरला आणि मला आमच्या गावच्या या माणसाचा असा अभिमान वाटला की आजही तो सांगताना शब्द अपुरे पडतात.

मंगळवारी नारळ फुटला नाही. मोठ्या हातावर चादर घातली गेली. मला वाटलं, मिस्त्री आता परत यायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यात लुनाचा आवाज आला. म्हणाले, "डोक्याचं माप द्या. लहान, मोठं, म्हाताऱ्याचं, समदं."

नवीन गोष्ट हात नव्हती, टेकू होता. घोड्याच्या नालासारखी पोलादी नळी, पेशंटच्या डोक्याभोवती बसणारी, कपाळाला मऊ पट्ट्याने बांधलेली. टेबलाशी तिचा काही संबंध नाही. डोकं वर गेलं की तीही वर. त्या नळीवर माझ्या मनगटाखाली एक छोटा गादीचा पाळणा, मागून वजन लावून तोललेला, म्हणजे माझ्या हाताला स्वतःचा भार उचलावा लागू नये. मोठ्या हातातल्या सगळ्या स्क्रूंपैकी एकच त्यात गेला, उंची बारीक फिरवायला.

आणि या वेळी जॉबला विचारलं गेलं. गाळ्यातल्या बाकावर ताराबाई आडव्या, डोक्याला टेकू, नाकाला तपकीर. मिस्त्री गेज लावून बसलेले. "शिंक! जोरात शिंक!" ताराबाई म्हणत होत्या, "मेली सवत बरी होती, ती निदान शिंकायला लावत नव्हती." कॉलनीतले बिडी ओढणारे सगळे म्हातारे पाळीपाळीने येऊन खोकून गेले. कुसुम सिस्टर खोकल्या, शेजारच्या गाळ्यातला वेल्डर खोकला. एक दिवस मीही त्या बाकावर झोपून खोकले. मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, तुमचा खोकला कच्चा हाय. हरसूलवाल्यांसारखा खोका."

शेवटी त्यांनी माझ्या चिमट्याला गेज लावला. एकशेवीसवरून काटा पस्तीसवर आला होता. त्यांनी पुन्हा लावला. पस्तीस. मी म्हटलं, "आता तरी चहा घ्या." ते म्हणाले, "टेकू झाला. हात राहिलाय. फिनिशिंग बाकी हाय."

त्या टेकूवर मी पुढची अकरा वर्षं पडद्याची कामं केली. मुंबईच्या चिठ्ठ्या लिहिणं थांबलं. सोमा बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचा पडदा मीच केला. तेव्हाही ते खोकले आणि टेकू त्यांच्याबरोबर उठून बसला. मिस्त्री वर्षातून एकदा तेल द्यायला यायचे. नंतर लुना सुटली, ते रिक्षाने यायला लागले.

दोन हजार सालानंतर बऱ्याच वर्षांनी मी एका परिषदेला गेले होते. तिथे एका परदेशी प्रयोगशाळेतला तरुण त्यांच्या रोबोटची फिल्म दाखवत होता. सर्जन आणि यंत्राचा हात, दोघंही एकच सुई धरतात. सर्जन चालवतो, यंत्र थरथर गिळतं. सभागृह टाळ्या वाजवत होतं. मी उभी राहिले आणि विचारलं, "पेशंट खोकला तर?"

तो तरुण म्हणाला, आमची सगळ्यात जास्त वर्षं याच एका प्रश्नात गेली. मग पुढची फिल्म लावली. डोकं हलताच यंत्र सुई मागे खेचून घेत होतं. शेजारच्या दिल्लीच्या डॉक्टरांनी मला विचारलं, हा प्रश्न तुम्हाला सुचला कसा, कुठे शिकलात? मी म्हटलं, "अंबडला." त्यांना ते कळलं नाही, आणि मला समजावून सांगावंसं वाटलं नाही.

ती फिल्म मी लॅपटॉपवर घेऊन आले. मिस्त्री तेल द्यायला आले तेव्हा त्यांना खुर्चीवर बसवून दाखवली. ते खूप वाळले होते. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला लागेल इतके जवळ वाकले होते. यंत्राचा हात आला तसे ते त्याचे सांधे बोटाने मोजायला लागले. मग सुई आत गेली आणि मिस्त्रींनी मान वर न करता विचारलं, "खोकला तर?"

"पुढे बघा."

फिल्ममधलं डोकं हललं. सुई सरकन मागे आली. मिस्त्रींनी ते परत लावायला सांगितलं. तीनदा बघितलं. तिसऱ्या वेळेला त्यांचे कान लाल झाले.

मी त्यांना परिषदेतली सगळी हकीकत सांगितली, त्या तरुणाचं बोलणंही.

"त्यांनी जॉबला इचारलं," ते म्हणाले. "चांगली पोरं हायत."

"तुम्ही आधी विचारलंत, मिस्त्री."

"मी उशिरा इचारलं. पन मंगळवारच्या आधी इचारलं." मग शर्टाच्या खिशात हात घालून पट्टीमागून त्यांनी काहीतरी काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. ती पिन होती. इतकी वर्षं खिशात राहून गुळगुळीत झालेली. "ही ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. आता लागायची न्हाय. हात झाला. कोणी का केला असंना."

मी काही म्हणणार तोच ते खुर्चीत नीट मागे टेकून बसले. मी त्यांना कधी असं टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "चहा सांगा."

मी दाराशी गेले. सिस्टर बाहेर होत्या. मी म्हटलं, "मिस्त्रींना चहा." सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग आत मिस्त्रींकडे बघितलं, आणि वॉर्डातल्या कोणाला न सांगता स्वतःच्या हाताने चहा करायला गेल्या. तो चहा मिस्त्रींनी कपानेच घेतला, अगदी हळू, शेवटच्या घोटापर्यंत, आणि बशीत एक थेंब सांडला नाही.